धाब्यावरची माती

भूकंप आला तेव्हा मी वाशीमच्या बसस्थानकासमोर दाढी करून घेत होतो. न्हाव्याने वस्तरा वर उचलला. आरशातला मी दोनदा हललो आणि थांबलो. "ट्रक गेला असन," न्हावी म्हणाला. रस्त्यावर ट्रक नव्हता.

पहिला फोन मी ताईला केला. ती गावाबाहेर मळ्यात एकटी राहते, वांगी-मेथी पिकवते. घर धाब्याचं: दगडमातीच्या भिंती, वर आडव्या लाकडी कड्या, म्हणजे तुळया, कड्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसात गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात नवी माती पसरायची. जुनी कोणी काढत नाही. चाळीस उन्हाळ्यांची माती डोक्यावर घेऊन ती झोपते, हे इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं. यंदाची माती अंगणात येऊन पडली होती.

"भांडे वाजले, बाकी काही नाही," ताई म्हणाली. "तू काहून घाबरून राह्यला?"

माझी मुलगी पुण्यात भूकंपांच्या आकडेवारीवर काम करते. तिला विचारलं, पुन्हा कधी येईल?

"कधी ते कोणीच सांगू शकत नाही, बाबा. शक्यता सांगता येते."

एक धक्का दुसऱ्याला चेतवतो, दुसरा तिसऱ्याला. पहिल्या दिवशी शक्यता सगळ्यात जास्त, दहाव्या दिवशी साधारण दहावा हिस्सा. उतरत जाते, पण संपत नाही. मागून येणारे बहुतेक लहानच असतात; क्वचित एखादा पहिल्याहून मोठा निघतो. "आत्याला निदान दोन आठवडे पत्र्याच्या शेडमध्ये झोपू दे. आणि ती माती वर चढवू देऊ नकोस."

ताईला फोनवर घेतलं. तिने शांतपणे ऐकलं. "म्हणजे कोंबडीवानी. पिल्लं, मंग पिल्लाले पिल्लं."

"अगदी तसंच, आत्या."

ताई खाट घेऊन शेडमध्ये गेली, लसणाच्या जुड्यांशेजारी.

तिसऱ्या दिवशी गावच्या शाळेत भूकंपावर जाहीर व्याख्यान झालं. आधी सत्कार. त्याला चाळीस मिनिटं लागली. त्या वेळात धक्का आला असता तर निम्म्या लोकांच्या अंगावर निदान शाली तरी होत्या. मग वक्ते म्हणाले, लहान धक्क्यांनी जमिनीच्या पोटातला जोर निघून जातो, मोठा टळतो, तेव्हा लोकांनी आनंदच मानावा. लोकांनी मानला. मुलीचा हिशेब नेमका उलटा होता: प्रत्येक धक्का पुढच्याची शक्यता थोडी वाढवतो. पण वक्त्यांकडे खात्री होती, तिच्याकडे नुसती शक्यता. टाळ्या खात्रीला पडतात.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवसापासून शेजारीण ताईला बांधावरून विचारू लागली, "काय वं बाई, जमीन हालली का तुयं डोकं हाललं?"

ताई हसायची. मला मात्र हसू येत नव्हतं. टेबलावर पाण्याचा पेला ठेवून मी घरी तासन्‌तास बसायचो. रेल्वे गेली की पाणी थरथरायचं. रेल्वे नसतानाही थरथरायचं. मग कळायचं, माझाच गुडघा टेबलाच्या पायाला लागलाय. पेपर वाचताना खुर्ची हलल्यासारखी वाटे, ते माझ्याच नाडीचे ठोके असत. डोळे मिटले की ताईचं छत दिसे. पडताना नाही. नुसतं तिथे असलेलं.

सोळाव्या दिवशी ताईने बोलावून घेतलं. आभाळ दक्षिणेकडून भरून आलं होतं. आंघोळ करून, पदर खोचून ती मातीच्या ढिगाशी उभी होती. दोन मजूर टोपली भरत होते.

"हे नको टाकू, ताई. छत काढून पत्रे टाकू."

"काढाले महिना लागन. तंवर उघड्या भिंती पावसात उभ्या राहतीन काय? मातीच्या हायत त्या." ती माझ्याकडे वळली. "पाऊस येनार का नाही?"

"येणार."

"भूकंप?"

मी मुलीला फोन लावला. तिने आधी दिवस मोजले. मग म्हणाली, "आता बरीच खाली आलीये शक्यता."

"शून्य?"

"शून्य पहिल्या धक्क्याच्या आधीही नव्हती, बाबा."

ते मी ताईला जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही, एवढंच स्वतःबद्दल बरं बोलता येईल.

"मंग झालं," ती म्हणाली. "मह्या बीपीची शक्यता यापरीस जास्त हाय. ते काही कोनी शेडमधी झोपवत नाही."

ती शिडी चढून वर गेली. तिसरा मजूर आलाच नव्हता, आणि खालून टोपली वर नेणारा माणूस कमी पडत होता. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. पहिलं टोपलं मला वाटलं त्याहून जड निघालं.

"तिकडं नको, भाऊ," ताई वरून म्हणाली. "त्या कोपऱ्यात टाक. तिथंच गयते."

त्या कोपऱ्याखाली तिची खाट असते. मजुरांनी सकाळीच ती शेडमधून आत नेऊन ठेवली होती. मी टोपलं रिकामं केलं. तिने हाताने माती सारखी केली, आणि मी पुढचं आणायला खाली उतरलो.