मामंजींच्या विरोधात बसले तेव्हा

निजामी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि परभणीत जो तो अध्यक्ष व्हायला निघाला होता. आमच्या घरातूनही एक निघाले, माझे सासरे. आमचा पक्ष जुन्या वळणाच्या लोकांचा. नगरपालिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षानं उभं कुणाला करायचं, हे ठरायचं होतं. मामंजींच्या समोर होते आमच्याच गल्लीतले वैद्यबुवा. दोघंही देवधर्म राखा म्हणायचे, दोघंही कुळकायद्याच्या नावानं बोटं मोडायचे. वाद एकाच गोष्टीवर होता. वैद्यबुवा म्हणत, मुलींची शाळा चौथीच्या पुढं न्यायची. मामंजी म्हणत, चौथीनंतर पोरीनं घर शिकावं.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती.

मामंजी दुष्ट नव्हते हो! नातीकडून बाराखडी त्यांनीच गिरवून घेतली होती. त्यांचं स्वतःचं शिक्षण उर्दूतलं, त्यामुळं मराठी अक्षरं काढताना तेच चुकायचे आणि ती टाळ्या पिटायची. ते दिवस आठवले की आजही जीव हळवा होतो. पण शाळेचं नाव काढलं की हा माणूस दगड व्हायचा.

आपली माणसं वाढावीत म्हणून त्यांनी घरातल्या आम्हा बायकांनाही पक्षाचं मेंबर केलं. तिथंच फसले.

सभा कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात भरली. चिठ्ठ्याबिठ्ठ्या काही नाहीत. दोन जाजमं अंथरलेली, ज्याला ज्याचं पटेल त्यानं त्याच्या मागं जाऊन बसायचं. बायकांनीही तसंच, फक्त शेवटच्या रांगेत. थोरल्या जाऊबाई मामंजींच्या मागं बसल्या. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि वैद्यबुवांच्या जाजमाकडं वळले.

"अगं, कुठं चाललीस? लोक बघायलेत!" जाऊबाई दबक्या आवाजात ओरडल्या.

बघू देत, म्हटलं, पण मनातच. आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

मामंजी जिंकले, आणि चांगले जिंकले. माझ्यामुळं काडीचा फरक पडला नाही. घरी आल्यावर मी पाणी घेऊन गेले. त्यांनी तांब्या घेतला.

"अगोदर सांगायचं तरी, पोरी."

"सांगितलं असतं तर तुमी बसू दिलं असतं का, मामंजी?"

"न्हाई." पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "तुझी पोर जाऊ दे शाळेत. पण भाषणात मी हे बोलणार न्हाई. लोकांनी मला कशासाठी निवडलंय, ते मला ठाऊक हाय."

मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. जूनमध्ये ती मुलांच्या शाळेत पाचवीला बसली. मामंजी स्वतः सोडायला गेले.

जाऊबाईंची मुलगी तिच्याच वयाची, तिच्याच वर्गातली. ती चौथीवरच थांबली. जाऊबाईंनी सासऱ्यांचा शब्द मोडला नव्हता, काही मागितलंही नव्हतं. त्या दिवशी मामंजी माझं ऐकत होते. "दोघींना जाऊ द्या" एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हटलं नाही.