शिरगावकर मॅडमचा शेवटचा वर्ग

कोणतंही चित्र दाखवण्याआधी शिरगावकर मॅडम भिंतीवर खडूनं त्याची चौकट आखायच्या. पर्समधून शिंप्याची टेप काढायची, लांबी-रुंदी मोजायची, रेघा ओढायच्या आणि मग दिवा घालवून स्लाईड लावायची. "पुस्तकात सगळी चित्रं तळहाताएवढी असतात," त्या म्हणायच्या. "खरं चित्र केवढं आहे हे आधी अंगाला कळू दे."

पिरंगुटच्या पुढे, माळावर आमचं कला महाविद्यालय होतं. मी बार्शीहून आलेली. वसतिगृहातल्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. शेवटच्या वर्षी पाश्चात्त्य आधुनिक कलेचा इतिहास हा ऐच्छिक विषय घेतला तेव्हा वर्गात आम्ही सात जण होतो. दिवाळीनंतर बाकीच्यांनी विषय बदलून संगणकावरचं ॲनिमेशन घेतलं. उरले मी. मॅडमनी त्या दिवशीही चाळीस मुलांसमोर बोलावं तशा आवाजात हजेरी घेतली. एकच नाव. मी "हजर" म्हटलं.

मी पटकन "छान आहे" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "आवडलं की नाही ते खोलीवर जाऊन ठरव. इथं दिसतंय काय, ते सांग." एकदा त्यांनी कॅफेत एकटी बसलेल्या बाईचं चित्र लावलं. समोर पेला, नजर कुठंच नाही. मला एकदम रडू फुटलं. का रडतेस, असं त्यांनी विचारलं नाही. स्लाईडही बदलली नाही. मी डोळे पुसल्यावर म्हणाल्या, "आता चित्राच्या कडा बघ. बाई मध्ये नाहीच, तिला कोपऱ्यात सरकवलंय. एकटेपणा चेहऱ्यावर नाही गं, तो जागेत असतो."

जानेवारीत प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. मी दाराबाहेरच उभी होते.

"मॅडम, एका मुलीसाठी वर्ग चालवता येत नाही. ती खोली आम्हाला संगणकांना हवी आहे."

"परीक्षा एका मुलीची होते ना?" मॅडम म्हणाल्या.

खोली गेलीच. मग दर रविवारी मी एसटीनं कोळवणला जाऊ लागले. धुमाळांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मॅडम भाड्यानं राहायच्या. आई गेल्यापासून एकट्याच होत्या. खिडकीबाहेर कापणी झालेली भातखाचरं, आत पुस्तकं, एक खाट आणि एकच खुर्ची. खुर्ची मला मिळायची.

एका रविवारी एका अमेरिकन चित्राला घरातली भिंत पुरेना, तेव्हा मॅडमनी गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवर चौकट आखली. घरमालकीण कौसाकाकी शेणाची पाटी खाली ठेवून बघत राहिली.

"बाई, एवढ्या मोठ्या भितीवर त्यानं काय काडलंया?"

"नुसता लाल रंग, काकी."

"नुसता लाल? मंग एवढं काय त्यात! गेरू हाय की घरात, उद्या सारवून देते."

मॅडम पोट धरून हसल्या. त्यांना मोठ्यानं हसताना मी तेवढंच पाहिलं.

परीक्षा झाली, मी पास झाले आणि हिंजवडीच्या एका कंपनीत वेबसाइटची पानं सजवायला लागले. विषय कॉलेजातून कायमचा गेला. मॅडम निवृत्तीपर्यंत पहिल्या वर्षाला रेखाटन शिकवत राहिल्या. ज्या चित्रांवर त्या जन्मभर बोलल्या, त्यांतलं एकही त्यांनी तोवर प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर एका सहल कंपनीबरोबर त्या युरोपला गेल्या. पुढच्याच वर्षी झोपेतच त्या गेल्या. कौसाकाकीचा फोन आला, "बाई गेल्या. कुणाला कळवायचं आमाला ठावं न्हाई, म्हून तुलाच केला." अंत्यविधीला कॉलेजातलं म्हणून मी एकटीच होते.

पण मला आठवते ती युरोपहून आल्यानंतरची भेट. मी उत्सुकतेनं विचारलं, "कसं वाटलं, मॅडम?"

त्या खिडकीशी कप विसळत होत्या. "सहलीतले लोक खरेदीला गेले, मी संग्रहालयात थांबले. ती कॅफेतली बाई सापडली. पेल्यातला रंग स्लाईडमध्ये कधी दिसलाच नव्हता गं, हिरवट आहे तो. इतका आनंद झाला की वर्गात तुझ्याकडे वळायचे तशी मी मागं वळून म्हणाले, 'हे बघ!' चांगलं मोठ्यानं, मराठीत."

"मग?"

"मागं एक उंच गोरा माणूस होता. त्याला वाटलं, मला जायचंय. त्यानं बाजूला होऊन वाट दिली." पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "मग काय, त्यानं वाट दिली म्हणून मी बाहेर आले."