नाव नसलेलं हिरवं बटण
लोबानाचा वास आला की मला उमरग्यातलं ते वेबसाइटी बनवायचं दुकान आठवतं. माझी लेक जन्मापासनं आंधळी. दुसऱ्याच्या रानात खुरपून म्या तिला शिकवली, अन् त्या दिवशी तिला काम मिळतंय का बघाया दोघी गेलो होतो. मालकानं आधी लोबान फिरवला, मग एका दवाखान्याची वेबसाइट तिच्यापुढं ठिवली. म्हणला, "आंधळ्या माणसाला बी वापरता आली पायजे, असा नियम हाय. तपास बरं." लेकीनं कळ दाबली तसा कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून बोलाय लागला, "बटण, बटण, चित्र, बटण." लेक म्हणली, "सर, नंबर लावायचं बटण कंचं?" "अगं, ते हिरवं, मोठं!" म्हणला अन् त्यानंच जीभ चावली. लेक खळखळून हसली. "हिरवं मला कसं कळंल? त्याला नाव द्या. थांबा, मीच देते." वेबसाइटीत मजकूर जिथनं भरत्यात तिथं जाऊन तिनं एकेका बटणाला नाव लिवलं. मग मालकानं डोळं मिटून कळ दाबली. "डॉक्टरांकडं नंबर लावा," कॉम्प्युटर बोलला. मालक मला म्हणला, "मावशी, उद्यापासनं हिला रोज आणून सोडाल का?" म्या व्हय म्हणायच्या आधी लेक म्हणली, "आईची खुरपणी बुडती. मी एकटी येईन." आता रोज सकाळी ती काठी घिऊन एसटीत चढती. कुणी इचारलं, "आंधळी पोर एकटी कुठं चालली वं?" तर म्या एवढंच म्हणते, "कामावर."