नागपूरचा एअर क्लीनर

आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातला मेकॅनिक बोलण्याआधी चिंधीनं एकेक बोट पुसायचा. मालकांच्या छोट्या मोटारीसाठी मी, तिथला मॅनेजर, हौसेनं नागपूरहून इंजिनची हवा गाळणारा चकचकीत एअर क्लीनर आणला, तेव्हाही पुसत म्हणाला, "सायेब, कायले बदलता? तेलाचा जुनाच बरा. इथं रुई उडून राह्यली, याच्यातून सारी धूळ आत जाईन."

"तू मले शिकवतं का? बसव!"

त्यानं बसवला. दोन महिन्यांत इंजिन गेलं.

"कोणाची अक्कल ही?" मालकांनी विचारलं. मी त्याचं नाव सांगितलं. तो तिथंच होता; त्यानं एकेक बोट पुसलं आणि चिंधी खिशात ठेवली. मालक त्याचं ऐकणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्याची नोकरी गेली. आता तो पुसदला सायकली दुरुस्त करतो. मी दिसलो की विचारतो, "गाडी बरी हाय ना, सायेब?" टोमणा असता तर सोसला असता. तो खरंच विचारतो.