सम आकडे गणूचे

बळीरामचा दिवस घड्याळावर सुरू होत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पाणी उतरायला लागलं की उघाडी उघडायची, पुन्हा चढायच्या आत बंद करायची. त्यामुळे आज चार, उद्या पावणेपाच, असा त्याचा दिवस रोज पाऊण तासाने पुढे सरके आणि पंधरवड्याने फिरून जागेवर येई. दोन हजार पाच सालच्या सव्वीस जुलैला पंचमी होती. त्या दिवशी पावणेचारच्या भरतीचं पाणी उतरू लागल्यावर तो पहाटे पाचला सुरू झाला.

बेलखार हे गाव गव्हाणच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे मातीचा बांध आणि बांधात ही उघाडी: दगडी खांबांच्या खाचेत बसवलेला लोखंडी दरवाजा, वर आट्यांचा जाड दांडा, तो फिरवायला आडवा कणा आणि कण्याच्या दोन टोकांना दोन हँडलं. शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. काम एवढंच. दरवाजा पूर्ण वर घ्यायला चौऱ्याऐंशी फेरे लागत.

"चौऱ्याऐंशीचा फेरा लोकांना मेल्यावर," गणू म्हणायचा. "आपला रोजचा."

गणू म्हणजे दुसऱ्या हँडलावरचा माणूस. बुटका, डावखुरा, बळीरामच्या कानापर्यंत येणारा. एकोणीस वर्षं दोघांनी जोडीने ती उघाडी उचलली. आकडे वाटून घेतलेले होते. विषम बळीरामचे, सम गणूचे. "एक," बळीराम ओरडायचा. "दोन," गणू. यात गंमत नव्हती. जोडीच्या कामात एकजण ओढतो आणि दुसरा नुसता हात ठेवतो, हे कुठेही घडतं. पण जोर लावलेल्या छातीतून आकडा निघतो तो वेगळा, आणि अंग चोरणाऱ्याचा वेगळा. पोकळ आकडा समोरच्याला लगेच कळतो. एकोणीस वर्षांत गणूचा आकडा पोकळ आला नाही.

दोन हजार दोनमध्ये गणू काविळीने गेला. त्याची जागा भरली नाही. उलट सरकारी ऑफिसातून माणूस आला आणि गणूच्या बाजूचं हँडल काढून घेऊन गेला. एका माणसाला एक हँडल. दुसरं ठेवलं तर चोरीला जाईल. कण्याचं ते चौकोनी टोक उघडं राहिलं. तीन पावसाळ्यांत त्यावर गंजाचे पापुद्रे चढले.

एकट्याने उघाडी उचलायला बळीरामला दीड तास लागे. दर बारा फेऱ्यांना खिट्टी मारायची, दम घ्यायचा, पुन्हा लागायचं. आतून पाण्याचा दाब असला तर दरवाजा खाचेत आवळून बसे, मग एका माणसाचा जोर पुरत नसे. त्याने तीनदा अर्ज केला. तिन्ही अर्जांची पोच त्याच्या पेटीत होती.

सव्वीस तारखेला बाराच्या सुमारास त्याने दरवाजा खाली सोडला. हँडलाला नेहमीसारखं गोणपाट गुंडाळलं, सुंभाने बांधलं आणि तो भाकरीला घरी आला. दोनला पाऊस धरला. तो कसा होता हे त्या दिवशी ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको. तीनला गल्लीत गुडघाभर पाणी होतं, साडेचारला कमरेइतकं. डोंगराकडचं सगळं पाणी खारीत, म्हणजे बांधाआतल्या शेतांत, उतरत होतं आणि उघाडी बंद होती. खालच्या आळीत चाळीस घरं. भरती उलटली होती. आता दरवाजा वर गेला तर आळी वाचणार, नाहीतर नाही.

बळीराम निघाला. शेतांमधून उघाडीकडे जाणाऱ्या आतल्या बांधावरून तो मिठाच्या जुन्या गोदामापर्यंत पोचला. तिथे हा आतला बांध फुटला होता. चार बैलगाड्या जातील एवढं भगदाड, आणि त्यातून पाणी नुसतं धावत होतं. पलीकडे तीनशे पावलांवर उघाडीचे खांब पावसात मधूनच दिसत, मधूनच जात. तो दोनदा पाण्यात उतरला. दुसऱ्यांदा पाय सुटले. तिवराच्या मुळीला हात लागला म्हणून राहिला. गोदामाच्या जोत्यावर येऊन तो बसला. साडेपाच झाले असतील.

तेव्हा त्याने ऐकलं.

"दोन."

पावसाचा आवाज एवढा होता की शेजारच्याचं ओरडणं कळलं नसतं. हा आवाज मोठा नव्हता. पण स्वच्छ होता, हँडलापलीकडून यायचा तसा. मग थोडी शांतता. एक आकडा म्हणायला लागेल तेवढीच.

"चार."

पुन्हा तेवढीच शांतता.

"सहा."

"सात," बळीराम म्हणाला. आपण म्हणालो हे त्याला नंतर कळलं.

"आठ," पलीकडून आलं. आणि तो आकडा पोकळ नव्हता.

मग तो थांबला नाही. जोत्यावर उकिडवा बसून, मुठी आवळून, तो विषम म्हणत गेला आणि पलीकडून सम येत गेले. चाळिशीनंतर पलीकडचा दम लागायला लागला, जसा चाळिशीनंतर नेहमी लागायचा. साठीला एक खोकला आला, ओळखीचा. बळीरामचा आकडा चुकला नाही. चुकला असता तर फेरा वाया गेला असता.

"त्र्याऐंशी," बळीराम म्हणाला.

"चौऱ्याऐंशी."

पुढे नुसता पाऊस. थोड्या वेळाने जोत्याला टेकलेलं पाणी, जे गावाकडे चढत होतं, ते थबकलं. मग हळूहळू खाडीकडे सरकू लागलं.

सकाळी भगदाडात मांडीइतकं पाणी उरलं होतं. बळीराम पलीकडे गेला. दरवाजा पूर्ण वर होता. खिट्टी लावलेली होती. त्याच्या हँडलावरचं गोणपाट जसंच्या तसं, सुंभाची गाठ त्याचीच, कुणी सोडलेली नाही. तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. कण्याचं उघडं टोक नव्या रुपयासारखं चकाकत होतं. गंजाचा एक कणही नव्हता.

त्याने त्याला हात लावला नाही.

खालच्या आळीत सहा घरं पडली, गुरं गेली. माणूस गेलं नाही. गणूची बायको कृष्णाबाई आळीच्या टोकाला राहायची. तिच्या घरात पाणी खाटेच्या माच्यापर्यंत आलं आणि उतरलं. बळीराम तिच्या ओट्यावर जाऊन बसला. कोणाला सांगायचं तर तिलाच.

सगळं ऐकून तिने विचारलं, "कवा?"

"साडेपाच धर."

ती उठून आत गेली आणि एक घोंगडी घेऊन आली. गणूची. ती पिळली तसं जोत्यावर पाणी पडलं.

"वर आढ्याला टांगलेली होती, भावजी. घरात पानी तिथवर चढलंच नाय. कौल पन फुटलं नाय." तिने ओला हात ओठाला लावला. "खारं हाय."

तिने घोंगडी ओट्याच्या कडेला पसरली.

"मेल्यावर पन आफिसचंच काम," ती म्हणाली. "आमच्या घरचं कौल शाकारायला सांगितलं का कंबर दुखायची."

चौथ्या दिवशी धर्मराजशेठ आले. तालुक्यात तेव्हा त्यांच्या पक्षाचं चाललं होतं, आणि पूर आल्यापासून सगळीकडून शिव्या बसत होत्या. मदत उशिरा आली, होड्या आल्याच नाहीत, तांदळात अळ्या. त्यांना एक चांगली गोष्ट हवी होती. बरोबर हार होता, फोटोवाला होता.

"बळीरामदादा, तुमी एकट्यानं उघाडी उचलली. गाव वाचवलं. सगल्यांना कलू दे आमची मानसं कशी हायेत ती. एवढ्या कागदावर सही द्या. बावीस वर्षं रोजंदारीवर हाव ना तुमी? कायम करून टाकतो."

"मी नाय उचलली, शेठ."

"मंग काय आपोआप उचलली?"

"आपोआप नाय उचलत."

"मंग तुमीच. दुसरा मानूस हायच कुटं तिथं?"

"त्याच्यासाठीच तर तीन अर्ज दिलेत," बळीराम म्हणाला. हार त्याने घेतला नाही. फोटोवाल्याने तो पुन्हा पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी बाळूशेठ आले, विरोधातले. त्यांच्याकडेही कागद होता. उघाडीवर कोणीच नव्हतं, दरवाजा पाण्याच्या दाबाने वर गेला, गाव निव्वळ नशिबाने वाचलं, असं त्यात होतं.

"यांना धडा शिकवू. तू फक्त खरं सांग. तू तिथं नव्हतास ना?"

"नव्हतो."

"झालं तर मंग. कर सही."

"दाबानं दरवाजा आवलतो, शेठ, वर जात नाय. आनि खिट्टी कोनी लावली? दाबानं?"

"तुला काय करायचंय रे खिट्टीशी?"

"बावीस वर्षं तीच लावली."

रात्री बळीरामची बायको गंगाबाई म्हणाली, "कायम झाल्यावर पेन्शन हाय. पहिल्या कागदावर केली सही तर कुनाचं काय जातं?"

तिचं चुकत नव्हतं. म्हणून बळीरामने तिला नीट सांगितलं. एकट्याने उचलली असं एकदा कागदावर आलं की एक माणूस पुरतो हे सिद्ध झालं. दुसरी जागा कायमची गेली, दुसरं हँडल गेलं. पुढच्या पुरात उघाडीवर जो कोण असेल तो एकटा असेल, आणि आळी बुडेल.

"तवा पन येईल की तो," गंगाबाई हळूच म्हणाली.

"किती येळा आनायचा त्याला?" बळीराम म्हणाला. "त्याला काय पगार हाय?"

ऑगस्टच्या मध्यावर चौकशी लागली. पनवेलच्या एका कार्यालयात, लांब टेबलाला साहेब बसले होते. एका भिंतीला धर्मराजशेठ, समोरच्या भिंतीला बाळूशेठ. बळीराम उभा राहिला. बसा म्हटल्यावरही उभाच राहिला.

"दरवाजा तुम्ही उचललात का?" साहेबांनी विचारलं.

"नाय साहेब."

"मग कोणी?"

"त्याला दोन मानसं लागतात. मला एकट्याला दाबात होत नाय. तेवढं लिवा."

"ते लिहितो. पण त्या दिवशी उचलला कोणी?"

"विषम आकडे मी बोललो. सम मी नाय बोललो. सम गनूचे असतात."

"गणू कोण? त्याला का नाही आणलं?"

"तीन वर्षं झाली त्याला जाऊन."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाळूशेठ मांडीवर थाप मारून हसले. "बघा! आता यांचा कारभार भुतांवर चाललाय!"

"भूत?" धर्मराजशेठ उसळले. "दोन साली तालुक्यात सत्ता कुनाची होती? तुमची! तुमच्या काळात मेला तो. जागा तुमी भरली नाय. भूत तुमचं!"

"आमी नाय भरली, तर तुमी काय केलंत दोन वर्षं? हँडल कुटं हाय ते सांगा!"

"हँडल तुमच्या मानसानं नेलं!"

"आनि तुमच्या मानसानं भंगारात घातलं!"

गणू कोणाच्या काळातला यावर अर्धा तास गेला. बळीराम उभा होता. एवढ्या वेळात जोडीने चौऱ्याऐंशी फेरे झाले असते.

अचानक खोलीतला पंखा थांबला. वीज गेली नव्हती, दिवा चालू होता. त्या शांततेत साहेबांच्या खुर्चीमागे, कपाटाच्या बाजूने, कोणीतरी खोकलं. साहेबांनी मागे वळून पाहिलं. कपाट भिंतीला लागून होतं. मधे माणूस उभा राहील एवढी जागा नव्हती.

"झालं," साहेब म्हणाले. "तुम्ही जा."

अहवालात आलं की दरवाजा स्थानिक ग्रामस्थांच्या सहकार्याने उघडण्यात आला. दुसऱ्या माणसाचं नाव नव्हतं, हँडलाचंही नव्हतं. बळीरामबद्दल एक ओळ होती: सदर इसम मानसिकदृष्ट्या या कामास योग्य वाटत नाही. एक ऑक्टोबरपासून उघाडी ठेकेदाराकडे गेली. ठेकेदार एक माणूस ठेवणार होता.

सप्टेंबर बळीरामने पुरा भरला. एकही ओहोट चुकवली नाही. तीस तारखेला शेवटचा पगार घेऊन तो ऑफिसातून निघाला आणि घरी न जाता फारूक मिस्त्रीच्या लेथवर गेला. पनवेलमध्ये लोखंडाचं काम चोख करणारा तोच.

"हँडल पाहिजे. सव्वा इंची चौकोनी भोक. जाड. खाऱ्या पान्यात टिकनारं."

"मूठ कुठल्या हाताची, चाचा?"

"डाव्या."

"उंची काय माणसाची? हात आखडला तर जोर नाही लागत."

बळीरामने आपल्या कानाशी हात धरला.

"आणायचं ना त्याला. लोखंड अंदाजाने कापायचं नसतं."

"तो नाय येनार."

फारूकने त्याच्याकडे पाहिलं. बाजारात ती गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती. पेन्सिल कानामागून काढून त्याने पत्र्यावर माप लिहिलं. "या अल्ला," तो हळू म्हणाला. चार दिवसांनी हँडल तयार होतं. काम साफ होतं, भोक हलत नव्हतं. फारूकने पुरे पैसे सांगितले, बळीरामने पुरे दिले.

ओहोटीच्या वेळी तो बांधावरून गेला. ठेकेदाराचा माणूस अजून आला नव्हता. गणूच्या बाजूचं टोक दोन महिने खाऱ्या हवेत होतं तरी तसंच चकाकत होतं. बळीरामने त्यावर हँडल चढवलं, खीळ ठोकली, खिळीचं टोक वाकवलं. कोणाला काढून न्यायचं तर आता करवत लागेल.

सप्टेंबरचा पगार त्या हँडलात गेला. उरलेल्यात ग्रीसचा एक डबा आला. तो त्याने दोन्ही बाजूंना सारखा लावला.