चुन्याखालची टिकली

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही, पण हे मलाच लिहावं लागणार. चूक माझी आहे, आणि दुसरा कुणी सांगेल तर तो मला सांभाळून घेऊन सांगेल. तसं नको.

बायको जाऊन सहा महिने झाले. लोहाऱ्याहून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. घरात मी एकटा.

एकच लेक, ती पुण्याला एका संस्थेत कामाला आहे. आभाळाच्याही वर एक दुर्बीण सोडलीय, ती गुरू ग्रहाचे फोटो काढते, आणि आमची लेक ते फोटो साफ करते. सूर्यापासून एक वारं सुटतं म्हणे, डोळ्यांना न दिसणारं. ते गुरूवर जाऊन आदळलं की त्याचं टोक उजळतं. त्या उजेडावरून तिकडचं हवामान कसं फिरतं ते कळतं. मी तिला म्हणालो होतो, आपल्या शिवारात उद्या काय होणार ते कुणाला सांगता येत नाही आणि तुम्ही गुरूच्या हवामानाला लागलात. त्यावर बायको चुलीपासनं म्हणाली, "तुज्या आबाला ढग डोक्यावर आला तरी दिसत न्हाय, त्यास्नी काय सांगतीस?"

एका दिवाळीला लेक घरी कॉम्प्युटर घेऊन बसली होती. बायको शेजारी सुपात तूर निवडत होती. निवडता निवडता तिनं पडद्याकडं बघितलं. काळा फोटो, त्यात गुरूच्या टोकावरच्या उजेडाचं एक कडं, बांगडीसारखं, आणि सगळीकडं पांढरे ठिपके. लेकीनं सांगितलं, बाहेरनं बारीक कण येऊन कॅमेऱ्यावर आदळतात, त्याचे हे ठिपके, म्हणजे कचरा. मशीन बहुतेक काढून टाकतं, पण कधीकधी बांगडीतला खरा उजेडही कचरा म्हणून टाकतं.

बायकोनं सूप खाली ठेवलं. दोन फोटो मागं पुढं करायला लावले आणि म्हणाली, "एकदाच दिसला तर खडा. फुडच्या फोटूत त्याच जागी दिसला तर दाणा. ह्यात काय शिकायचंय?"

लेक हसली नाही. तिच्या साहेबानंही तसंच शिकवलं होतं, फक्त त्याला त्यासाठी फळाभर लिहावं लागलं होतं.

तिथनं ते सुरू झालं. लेकीनं जुना कॉम्प्युटर घरी ठेवला, बाण असलेलं बटण दाखवलं. बायकोला अक्षरं येत नव्हती, आकडे यायचे. दुपारचं जेवण झालं की ती बसायची. फोटोत नुसता कचरा असला तर भिंतीवर कोळशानं ठिपका, दाणा असला तर उभी रेघ. एका ओळीत दहा फोटो. कोंबडी अंड्यावर बसवली की ती अशाच रेघा मारायची दिवस मोजायला. लेकीनं वही आणून दिली होती, ती तिनं चूल पेटवायला घेतली. म्हणाली, वही हरवती, भिंत कुठं जाती?

लेक महिन्याला यायची, भिंतीचा फोटो काढायची, आणि पुण्याला जाऊन त्या खुणांवरून मशीनला शिकवायची. साहेब म्हणाला म्हणे, आईची नजर आपल्या मशीनपेक्षा चांगली आहे. मी हे ऐकलं. चाळीस वर्षं मी तिला, तुला काय कळतंय, हेच म्हणत आलो होतो.

शेवटच्या महिन्यात तिनं लेकीला फोन केला. मी तिथंच चहा पीत होतो. "एक दाणा लई येगळा हाय. बांगडीच्या आत हाय, मशीननं टाकलेला. तू आली की दाखवते." कितवा फोटो ते लेकीनं विचारलं. ती म्हणाली, खूण केलीय, ये तू. तिला तो लेकीचा चेहरा बघत दाखवायचा होता.

चार दिवसांनी तिच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरला पोचेपर्यंत संपलं होतं.

आमच्याकडं माणूस गेलं की तेराव्याच्या आत घर धुवायचं, सारवायचं, भिंतींना चुना मारायचा. सुतक चुन्यानं फिटतं. बाराव्या दिवशी लेक मृत्यूच्या दाखल्यासाठी सोलापूरला गेली होती. भावजय म्हणाली, भाऊजी, पाहुणे उद्या येणार आणि भिंत किती काळी झालीय. मी म्हणालो, मारतो. मला हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. बसलो की घर अंगावर यायचं.

ठिपके दिसले. रेघा दिसल्या. मला माहीत होतं त्या कशाच्या आहेत. पण माझ्या डोक्यात एकच होतं, लेकीनं ह्याचे फोटो काढलेत. खालच्या ओळी राहिल्यात हे मला सुचलं नाही. देवळीच्या खाली एक लाल टिकली चिकटवलेली होती. बायका आरशाला, चौकटीला, कुठंही टिकली चिकटवतात. तशीच एखादी जुनी, असं वाटलं. ती बघून रडू आलं. म्हणूनच तिच्यावर दोनदा हात फिरवला.

दुपारनंतर लेक आली. पिशवी हातातच, दारात उभी राहिली.

"आबा, खालचा फोटो मी काढला नव्हता," ती म्हणाली. "दहा-बारा दिवस मला तिकडं बघवत नव्हतं. म्हटलं भिंत कुठं जाते."

मी विळा घेतला आणि भिंत खरवडायला लागलो. चुना निघाला, त्याच्याबरोबर कोळसाही निघाला. टिकली निघाली. नुसती टिकली, मातीचा पोपडा धरून, माझ्या तळहातावर. फोनवर म्हणाली ती खूण हीच, पण कुठल्या रेघेवर होती ते गेलं. लेकीनं माझ्या हातातला विळा काढून घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. तिला महिन्याभरात सगळ्या फोटोंची यादी साहेबाला द्यायची होती. तिनं मोबाईलमधला भिंतीचा जुना फोटो काढून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, टिकली कुठं होती. मी माझ्या खांद्याशी हात नेऊन दाखवलं. जुन्या ओळींच्या अंतरावरनं तिनं देवळीपासनं बोटानं ओळी मोजल्या. दोन ओळींत कुठंतरी, म्हणजे वीस फोटो.

ते वीस फोटो तिनं आठ दिवस बघितले. दोन ठिकाणी तिला काहीतरी वाटायचं. तिसऱ्या-चौथ्यात, आणि चौदाव्या-पंधराव्यात. दोन्ही अंधुक. एकीकडं खरा उजेड, एकीकडं धूळ, का दोन्हीकडं धूळच, तिला ठरवता येईना. शेवटी तिनं मला बायकोच्या जागी बसवलं.

"तुम्ही बघा. तुम्ही रोज तिच्या मागं बसायचात."

बसायचो. पण मी पडदा बघत नव्हतो, चहा कधी होतोय ते बघत होतो.

मी बघितलं. मला सगळेच खडे दिसले. ओठावर आलं होतं की चौदावा म्हणावं. ती सुटली असती, तिनं तो लिहून दिला असता, आईचा दाणा सापडला म्हणून रडून मोकळी झाली असती. तिला ते कळलं असावं.

"आबा, खरं सांगा."

"मला न्हाय म्हाईत, पोरी."

तिनं कॉम्प्युटर मिटला. यादी पाठवली, त्या वीस फोटोंपुढं जागा मोकळी सोडून. साहेबानं तसं चालतं म्हणून कळवलं. नंतर ती पुण्याला गेली. फोन करते, जेवलात का विचारते, मी व्हय म्हणतो. भिंतीबद्दल दोघंही बोलत नाही. खरवडलेली भिंत मी तशीच ठेवली आहे. भावजय म्हणते अपशकुन दिसतो. दिसू दे.

जुना कॉम्प्युटर ती ठेवून गेली. टिकली मी त्याच्या पडद्याच्या कडेला लावलीय. दुपारचं जेवण झालं की बसतो. वीस फोटो पुढं जातो, वीस मागं येतो. डोळ्याला पाणी येतं, ते पुसून परत बघतो.

काल सातव्यात बांगडीच्या आत मला काहीतरी दिसलं. बटण दाबून आठवा आणला, त्याच जागी बोट ठेवलं. तिथं काही नव्हतं.

खडा.