तीनची स्तेफानिया

"तेरा मेलेल्या बायकांचा जप करायला तुला वेळ आहे, आई, आणि बाबांना कुशीवर वळवायला नाही?"

"तेरा कुठल्या? बाराच. एक दिली ना ह्या रेनियाला."

"मोजून सांगतेस वर!"

"तूच मोजायला लागलीस. मी आपलं चुकलेलं सुधारलं."

बोझेनानं हातातला ओला बोळा बादलीत आपटला. पाणी माझ्या बुटांवर उडालं. ती सकाळीच शहरातून गाडी घेऊन आली होती. बापाची चादर बदलायला म्हणून त्याला उचललं, तर कमरेखाली तळहाताएवढी जखम. काळपट, कडेनं ओली. दाराशी तिनं बॅग भरून ठेवली होती: त्याचे पायजमे, दाढीचं सामान, लोकरी मोजे. गुरुवारी शुश्रूषागृहाची गाडी येणार होती.

वालेंतीकाका छताकडे बघत पडला होता. पक्षाघाताचा झटका आला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून शब्द नाही. त्याची बायको, आमची लेओकादियामावशी, चुलीपाशी उभी राहून बीटाचं सूप ढवळत होती, जणू भांडण शेजारच्या घरात चाललंय.

मावशीच्या हाताखाली आमच्या चर्चची जिवंत जपमाळ. वीस जणी, रोज प्रत्येकीनं एक रहस्य, म्हणजे येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग, मनात धरून दहा मणी जपायचे. वीसजणींची मिळून एक माळ पुरी होते. प्रत्येकीच्या नावाची एक चिठ्ठी, महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्यावर नवं रहस्य लिहायचं. एखादी गेली की दुसरी शोधायची, नाहीतर माळ तुटते. आमच्या गावात म्हाताऱ्या मरत गेल्या आणि तरुण पोरी जर्मनीला. दुसरी मिळायची कुठून? मावशी गेलेलीची चिठ्ठी आपल्याकडेच ठेवू लागली. "माझ्या हातून तुटायला नको," म्हणायची.

एकटीनं गाय, कोंबड्या, चुलीची लाकडं, पडलेला नवरा, शिवाय चर्चची किल्ली. लोक विचारत, जमतं कसं? मावशी सांगायची, "मी कुठं एकटी करते?" आणि ते ती थट्टेनं म्हणत नव्हती. धारेच्या वेळेला गेलेल्या गेनोवेफाचा जप. गेनोवेफा तापट होती, त्या आवाजात गायसुद्धा गुमान उभी राहायची. काकाला सूप भरवायचं ते पेलागियाच्या दहा मण्यांवर, कारण पेलागिया जन्मभर सावकाश बोलली आणि काकाला गिळायला वेळ लागतो. मावशी प्रत्येकीचा आवाज काढायची. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायची आणि थांबायची, दुसरा अर्धा ऐकून घ्यायची. मी एकदा गोठ्याच्या दारात उभी होते तेव्हा. ती थांबली, आणि गायीनं कान मागं वळवले. त्या दिवसापासून मी हाक मारल्याशिवाय त्या गोठ्यात पाऊल टाकलेलं नाही.

ऑक्टोबरात तिचे सुजलेले गुडघे बघून मीच म्हटलं, "मावशी, एक चिठ्ठी मला दे."

तिनं गठ्ठा चाळला. एक काढली आणि जरा धरूनच ठेवली.

"ही स्तेफानियाची. ती तीनची आहे हं."

"वेळेचं काय एवढं? फादरच म्हणतात, दिवसात कधीही करा."

"तसं म्हणतात खरं, रेनिया," ती म्हणाली आणि चिठ्ठी सोडली.

मी रात्री अंथरुणात करायची. निम्मे मणी झोपेत.

"सहा आठवड्यांपूर्वी आले तेव्हा पाठ लोण्यासारखी होती," बोझेना म्हणत होती. "सहा आठवड्यांत काय झालं असं?"

मावशीचा डाव थांबला. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एकला मी त्याला भिंतीकडे वळवते," ती हळू म्हणाली. "पाचला पाठीवर. मधे तीनला..." तिनं डाव बाजूला ठेवला. "मधे तीनला स्तेफानिया यायची. बाही ओढायची. तिची सवयच ती, बोलायच्या आधी बाही ओढायची. मग मी उठायची, तिचे दहा मणी म्हणत त्याला खिडकीकडे वळवायची. ती येईनाशी झाली. मला वाटलं, दमली असेल."

माझा हात आपोआप बाहीकडे गेला.

"ग्रंथालयात कामावर," माझ्या तोंडून निघून गेलं, "रोज तीनच्या सुमाराला माझी बाही कुणीतरी ओढतं. मला वाटायचं, टेबलाच्या खिळ्यात अडकते. परवा सुताराला बोलावून खिळा काढूनसुद्धा घेतला."

"मग काल?"

"कालही."

बोझेना आमच्या दोघींकडे बघत राहिली. "देवा रे. एक वेडी होती, आता दोन झाल्या."

"चिठ्ठी जिथं, तिथं ती," मावशी म्हणाली. "बिचारी सहा आठवडे हिला सांगत होती, जा, त्याला वळव. हिला काय कळणार?"

"मावशी, चिठ्ठी परत घे. आत्ता आणते."

"आणि मग?" बोझेना तिच्या समोर येऊन उभी राहिली. "बाबांचं अंग मी भुतांच्या भरवशावर ठेवू? आई, तुला विसरायला होतं एवढंच खरं. कबूल कर. ऐंशीला आलीस तू! त्या बारा चिठ्ठ्या फादरना देऊन टाक, माळ बंद कर. नाहीतर गुरुवारी मी त्यांना नेते."

"विसरते ना. नाही कुठं म्हटलं? म्हणून तर आठवण करणारं कुणीतरी लागतं."

"जिवंत माणूस लागतं, आई!"

"बरं."

मावशीनं हात पुसले आणि पलंगापाशी गेली. पावणेतीन झाले होते. तिनं काकाच्या खांद्याखाली हात घातला. बोझेनानं न सांगता दुसऱ्या बाजूनं कमर धरली, आणि दोघींनी मिळून त्याला जखमेवर भार येणार नाही असं खिडकीकडे वळवलं. काकाच्या डोळ्यांत खिडकीचा उजेड आला. बाहेर दफनभूमीवरच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या, नोव्हेंबर, म्हणजे मृतांचा महिना, चालू होता.

"जिवंत माणूस म्हणालीस ना," मावशी चादर सारखी करत म्हणाली, आता साध्या, स्वतःच्याच आवाजात. "मग तू फोन कर. रोज तीनला. बोलायचं नाही काही, मी उचलणारही नाही. नुसता वाजू दे. वाजला की मी उठेन आणि ह्याला वळवेन. ह्याला इथं राहायला तेवढं पुरे."

"मी करीन, मावशी," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे न बघता हात वर केला. "तुला नाही विचारलं, बाळ. स्तेफानिया माझी कोण होती? शेजारीण. मेल्यावरही तीन वर्षं रोज आली, रविवारीसुद्धा. बोझेन्का, तुला जमेल?"

बोझेनाचा हात अजून बापाच्या खांद्यावर होता. तिनं तो काढून घेतला. खुंटीवरचा कोट घेतला, एका बाहीत हात घातला, दुसरी तशीच लोंबत राहिली. दाराशी ठेवलेली बॅग ओलांडून ती बाहेर निघून गेली. तीनला अजून पाच मिनिटं होती.